पाच फुटी आहेर

घरभरणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नव्या सोप्यात मांडी घालून बसले आणि आलेल्या आहेराची मोजदाद केली. स्टीलची ताटं अठ्ठेचाळीस. साड्या एकवीस. टॉवेल-टोपीचे जोड तेहतीस. देवांच्या तसबिरी नऊ. भिंतीवरची घड्याळं सहा. सहाही चालू, पण कुठल्याही दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. पितळी समई एक, किंचित डुगडुगणारी. आणि बाहेर अंगणात, झेंडूच्या माळा घातलेला, एक रोटर.

रोटर म्हणजे रोटाव्हेटर. नांगरलेल्या रानातली ढेकळं फोडून माती भुसभुशीत करणारं अवजार. ते ट्रॅक्टरच्या मागे जोडतात आणि इंजिनाच्या जोरावर त्याच्या पोटातली पाती गरगर फिरतात. मी टेप लावली. रुंदी पाच फूट. पाती छत्तीस. शेजारी आमचा ट्रॅक्टर उभा होता. रुंदी साडेतीन फूट. ताकद अठरा एचपी. दोघं शेजारी असे दिसत होते, की रोटरनेच ट्रॅक्टरला बोट धरून आणलं असावं.

मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. हे मी कुणाला सांगत नाही. गावच सांगतं, आणि तेही साधारणपणे काहीतरी बिघडल्यावर. हा ट्रॅक्टर मी निवडला होता. रान एक एकर बारा गुंठे, त्याला लागून थोडा ऊस. उसाच्या सरीतून आरामात जाईल, डिझेल कमी पिईल आणि आमच्या गोठ्यात मावेल असा हाच एक होता. इंजिनाचे अठरा एचपी मागच्या शाफ्टपर्यंत पोचेपर्यंत पंधरा होतात. रोटरला एका फुटामागे साधारण चार लागतात. साडेतीन फुटांना चौदा. एक शिल्लक. आलेख कागदावर मी ही रेघ काढली तेव्हा मला खरोखर समाधान वाटलं होतं. पाच फुटांना वीस लागतात हे त्या कागदावर नव्हतं, कारण कागद तिथवर जातच नव्हता.

ट्रॅक्टर घेताना आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, अट एकच होती. "आकारामच्या दारात ट्रॅक्टर मागायला जायची पाळी पुन्ना आली न्हाई पायजे. बाकी तुझं फॉर्म्युलं तू बघ."

आकाराम म्हणजे माझे मामा, आईचे एकुलते एक भाऊ. तासगावच्या पुढे त्यांची द्राक्षबाग आहे आणि पंचेचाळीस एचपीचा ट्रॅक्टर. तीन वर्षांपूर्वी एका लग्नात, भर पंगतीत मामा म्हणाले होते, "दाजींचं रान मी ट्रॅक्टर धाडल्याबिगर पेरायजोगं हुतच न्हाई." सगळी पंगत हसली. आण्णा अर्धी जिलबी पानात ठेवून उठले. आण्णांच्या बाबतीत हे फार गंभीर लक्षण आहे. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद, आणि आईचं माहेरी जाणं बंद. आईला कुणी जाऊ नको म्हटलं नव्हतं. ती फक्त दर दिवाळीला बॅग काढायची, पुसायची आणि परत माळ्यावर ठेवायची.

घरभरणीला मामा आले. त्यांनी माफी वगैरे मागितली नाही. त्यांनी रोटर आणला. त्याच्या पत्र्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळ्या रंगात रंगवून घेतलं होतं : 'सौ. मंगल धोंडिराम यांस बंधू आकाराम बिराप्पा यांजकडून सप्रेम भेट.' आपल्याकडे वाटी-चमच्यावरही देणाऱ्याचं नाव घालतात. मामांना या वेळी घालायला जागा जास्त मिळाली एवढंच. आईने फोनवर त्यांना साडेतीन फुटी असं स्पष्ट सांगितलं होतं. पण मामांचं म्हणणं, "एकुलत्या एका बहिणीला साडेतीन फुटी? लोक म्हणतील, खेळणं दिलं!"

आईने रोटरला हळद-कुंकू लावलं आणि त्या पिवळ्या अक्षरांवरून पदर फिरवला. मी टेप गुंडाळून खिशात घातली. त्या दिवशी तरी एचपीचा विषय काढू नये एवढं शिक्षण माझं झालेलं आहे.

पण विषय निघायचाच होता. हळदीचं बेणं कोंब काढून पडवीत बसलं होतं, रान नांगरून तापलं होतं आणि मामा रोज सकाळी फोन करत होते. "आक्का, रोटर कसा चाललाय?"

"लय बेस चाललाय की रं," आई सांगायची, आणि फोन ठेवून आमच्याकडे बघायची.

म्हणून आम्ही तो जोडायला काढला. जोडताना कळलं की त्याच्या पिना आमच्या ट्रॅक्टरच्या कड्यांत जात नाहीत. आष्ट्याला जाऊन लेथवाल्याकडून त्या कमी करून आणल्या. तोवर ही बातमी आमच्या शेजारी भाऊसो नानांपर्यंत गेली होती. नाना मिलिटरीतून रिटायर झालेले आहेत आणि शेजारच्या कुठल्याही कामाकडे मोहीम म्हणून बघतात.

"पल्लवी बेटा, तू टेक्निकल बघ. कमांड माझ्याकडं," ते म्हणाले. "धोंडिराम, सीटवर बस. लिफ्ट कर!"

आण्णांनी लिफ्टचा दांडा ओढला. रोटर जागचा हलला नाही. त्याऐवजी ट्रॅक्टरची पुढची चाकं जमीन सोडून वर गेली. आण्णा सीटवर आभाळाकडे तोंड करून बसलेले आणि हातात स्टिअरिंग, ज्याचा आता कशाशीच संबंध उरला नव्हता.

"आरं आरं आरं! खाली घ्या!"

"तुमच्याच हातात दांडा आहे, आण्णा!" मी ओरडले.

"कौंटर वेट पायजे," नाना म्हणाले. हा शब्द त्यांनी माझ्याच तोंडून ऐकला होता, पण त्यांच्या तोंडी तो हुकूम झाला. आणि मी नको नको म्हणेपर्यंत ते बॉनेटवर चढून, पाय दोन्हीकडे सोडून बसले. नानांचं वजन ब्याऐंशी किलो आहे. चाकं टेकली. अशा रीतीने आमची मोहीम रानात शिरली : पुढे नाना, मध्ये आण्णा, मागे मामांचं नाव.

अकरा फुटांवर इंजिन बंद पडलं. पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या खेपेला ट्रॅक्टरने आधीचा अनुभव लक्षात घेऊन सात फुटांतच मान टाकली.

बांधावर माणसं जमली. एकाने डिझेलमध्ये पाणी असल्याचं सांगितलं, एकाने गिअर खालचा टाका म्हटलं (सगळ्यात खालचाच होता), आणि शेजारच्या दगडाबाईंनी आपलं मत एका शब्दात दिलं, "दिष्ट." मग आईने रोटरला लिंबू-मिरच्या बांधल्या. त्यामुळे वजन आणखी थोडं वाढलं, पण मी बोलले नाही.

"ट्रॅक्टरच बारका घेतला पोरीनं," जाता जाता कुणीतरी म्हणालं.

"फॉर्म्युल्यात बेरीज चुकली असंल," दुसरं म्हणालं.

मी त्यांच्या मागे काही पावलं गेलेसुद्धा. फॉर्म्युल्यात बेरीज नव्हतीच, गुणाकार होता. पण बांधावर उभं राहून हे ओरडून सांगण्यात अर्थ नसतो.

नानांचा पुढचा बेत असा, की शत्रूची संख्या निम्मी करायची. छत्तीसपैकी अठरा पाती काढली की भारही निम्मा. तत्त्वतः यात तथ्य होतं, म्हणून मी मान डोलावली आणि कॉलेजला गेले. इस्लामपूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी प्रयोगशाळेतले तास घेते. एक आड एक काढा, एवढं सांगायला मात्र विसरले. संध्याकाळी येऊन बघते तर नानांनी एका बाजूची सगळी अठरा काढली होती, कारण 'त्या बाजूला सावली होती.'

एका बाजूला पाती असलेला रोटर फिरायला लागला की काय होतं हे पुस्तकात एका आकृतीत असतं. इथे ते सगळ्या ट्रॅक्टरभर होतं. ट्रॅक्टर थरथरला, आण्णा थरथरले, बॉनेटवरचे नाना तर इतके थरथरले की "था-आ-आ-आंबा" हा हुकूम पूर्ण होईपर्यंत त्यांची कवळी गवतात पडली होती. ती शोधण्यात उरलेला उजेड गेला. जेवढा पट्टा झाला त्याची एक बाजू भुसभुशीत आणि दुसरी जशीच्या तशी, अर्धी दाढी करून न्हाव्याच्या दुकानातून उठलेल्या माणसासारखी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांचा फोन. "आक्का, किती रान झालं?"

"निम्मं झालं," आई म्हणाली. एका अर्थाने हे पहिल्यांदाच खरं होतं.

मग आम्ही रोटर टेंपोत घालून कुपवाडला गेलो. तिथल्या एका वर्कशॉपमध्ये प्रशांत नावाचा आण्णांच्या ओळखीचा फिटर आहे. माझा विचार असा, की दोन्ही बाजूंनी नऊ-नऊ इंच कापले की पाच फुटांचे साडेतीन होतात. मग तोच रोटर, तेच नाव आणि तीच भेट. प्रशांतने रोटरभोवती एक फेरी मारली आणि खडूने पत्र्यावर दोन उभ्या रेघा मारल्या.

"ह्या हितनं आणि ह्या हितनं कापायचा. बघा, चालतंय का."

आम्ही बघितलं. डाव्या रेघेच्या पलीकडे 'सौ. मंगल' गेलं होतं. उजव्या रेघेच्या पलीकडे 'सप्रेम भेट.' मधे राहिलं होतं : 'धोंडिराम यांस बंधू आकाराम बिराप्पा यांजकडून.'

आण्णांनी ते दोनदा वाचलं. "ह्यो माझा बंधू कवापासनं?"

"आवं आण्णा, नुसता पत्रा हाय तो," प्रशांत म्हणाला.

"पत्र्यावर का असंना! मंगलचं नाव कापून त्याचं तेवढं ठेवायचं? आणि सप्रेम न्हाई म्हटल्यावर ते नोटिशीवानी वाटतंय." त्यांनी रुमालाने दोन्ही रेघा पुसल्या, आणि प्रशांतचा चहा पिऊन आम्ही परत आलो. माझ्या लक्षात आलं, की आण्णांना मामांचा राग होता, पण आईचं नाव लिहिलेल्या पत्र्याला ते हात लावू देत नव्हते. हे कुठल्या आलेखावर बसवायचं मला कळलं नाही.

उरला शेवटचा मार्ग. मामांनी रोटर घेतला होता तो इस्लामपूरच्या एका दुकानातून. तिथे जाऊन तो गुपचूप बदलून साडेतीन फुटी घ्यायचा, तसंच नाव तशाच पिवळ्या रंगात रंगवून आणायचं. मामा वर्षातून एकदा येणार. लांबून त्यांना कळणार नाही. आईला हे आवडलं नाही. ती एवढंच म्हणाली, "आहेर बदलत न्हाईत गं." पण बेण्याचे कोंब आता बोटाएवढे झाले होते.

आण्णा आणि मी रोटर घेऊन दुकानात गेलो. काउंटरवर विश्वजित नावाचा माझ्याच वयाचा मुलगा होता. मी त्याला एचपी, फूट, पंधरा, चौदा, सगळं सांगितलं. त्याने मन लावून ऐकलं. या सगळ्या प्रकरणात माझं पूर्ण ऐकून घेणारा तो एकटाच, म्हणून मला तो हुशार वाटला.

"मॅडम, बरोबर आहे तुमचं. पाच फुटीला पस्तीसच्या वरचाच ट्रॅक्टर लागतो. बदलून देऊ की. बिल कुणाच्या नावावर आहे?"

"आकाराम बिराप्पा."

"ते आलेत?"

"नाही. त्यांना कळवायचं नाहीये."

"बरं, बरं," तो समजूतदारपणे म्हणाला आणि कॉम्प्युटरवर टाईप करू लागला. "वापरलेला... पाती काढलेली दिसतात... कारण काय लिहू? 'ग्राहकास पसंत नाही' असाच ऑप्शन आहे." त्याने एक बटण दाबलं आणि माझ्याकडे अपेक्षेने बघितलं. "ओटीपी सांगा."

"कसला ओटीपी?"

"बिलावरच्या मोबाईलवर गेलाय बघा आत्ता."

तासगावच्या पुढे, द्राक्षबागेत, आकाराम बिराप्पांच्या बंडीच्या खिशात फोन वाजला असणार. आपला रोटर पसंत नसल्याने परत करण्याची विनंती मिळाली आहे, हे त्यांनी बागेतच कुणाकडून तरी वाचून घेतलं. आम्ही घरी पोचलो तेव्हा आई सोप्यात जमिनीवर बसली होती. शेजारी फोन.

"म्हणाला, 'आक्का, पसंत न्हाई तर तोंडानं सांगायचं हुतं. कंपनीला कशाला सांगितलं?'" ती म्हणाली. "उद्या येतोय. ट्रॉली घेऊन. रोटर न्यायला."

मी ओटीपी म्हणजे काय, तो आपोआप कसा जातो, हे सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले. आण्णा उठले, अंगणात गेले आणि नानांनी काढलेली अठरा पाती एकेक करून परत बसवू लागले. मी पाना धरून शेजारी बसले. "परत द्यायचा तर पुरता द्यावा," ते म्हणाले. पण पाती बसवून झाल्यावर त्यांनी पत्र्यावरचं नावसुद्धा फडक्याने पुसून लख्ख केलं.

मामा आले ते दुपारच्या जेवणाच्या वेळेला. तो मोठा ट्रॅक्टर, मागे रिकामी ट्रॉली. उतरले, पाणी नको म्हणाले, चहा नको म्हणाले. आई दारात उभी होती.

"न्यायचाय तर ने," ती म्हणाली. "पर तू एवढा आणलास, तो एकदा चालताना तरी बघू दे मला. एकच फेर मार."

मामांनी ट्रॉली सोडली आणि रोटर जोडला. पिना आम्ही लेथवर कमी करून आणलेल्या, त्या आता त्यांच्या कड्यांत सैल झाल्या. मामांनी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. पिशवीतल्या दुसऱ्या पिना काढून घातल्या. रोटर कापसासारखा वर उचलला गेला. पहिल्या फेरीत ढेकळांचं पीठ झालं. बांधावर पुन्हा माणसं जमली, नाना अटेन्शनमध्ये उभे राहिले. एकच फेरी मारायची होती, पण मामा शेवटाला जाऊन वळले आणि दुसरी सुरू केली. मग तिसरी. सगळं रान झालं, तेव्हा ते उतरले. अंगावर, मिशीवर, सगळीकडे माती.

आण्णा पुढे झाले. तीन वर्षांत मामांशी बोललेलं त्यांचं पहिलं वाक्य होतं, "भाडं किती झालं?"

मी डोळे मिटले.

"भाडं?" मामांचा आवाज चढला. "दाजी, आक्काच्या रानात मी भाड्यानं आलोय व्हय? लिवा, लिवा, ते बी कंपनीला कळवा!"

"फुकट करून घ्याला मी काय भिकारी हाय? पुन्ना कुठल्यातरी पंगतीत ऐकवशील!"

"आरं तीन वर्षं झाली त्या पंगतीला! चेष्टा केली हुती गड्या!"

"गड्या कुणाला म्हणतोस?"

"थांबा दोघंबी!" आई ओरडली. आईला मी ओरडताना फारसं ऐकलेलं नाही. नानासुद्धा स्टँड-ॲट-ईज झाले. "एकेक बैल हुता तवा कसं करत हुता? आमचा पांढरा उंच, ह्यांचा तांबडा बुटका. एका जुवाला जमत न्हवता जोड, तरी पैरा केलाच की न्हाई? उंच बैल सरीत आणि बुटका वरंब्यावर घालून नांगरलीच की रानं. तवा कोण कुणाला भाडं इचारत हुतं?"

आमचं मूळ गाव मामांच्या गावाला लागूनच. आण्णा इकडे यायच्या आधी त्यांच्याकडे एक बैल होता आणि मामांच्या घरी एक. दोघांचा मिळून नांगर. आज तुझं रान, उद्या माझं. याला पैरा म्हणतात. त्यात भाडं नसतं आणि उपकारही नसतो, फक्त फेड असते. आई-आण्णांचं लग्नही त्या पैऱ्यातूनच जमलं, असं दगडाबाई सांगतात.

मग आण्णा म्हणाले, "पैरा म्हटला तर फेडायला पायजे. त्याचं मोठं रान. माझा ट्रॅक्टर हा एवढुसा."

मामांनी आमच्या ट्रॅक्टरकडे बघितलं. मग वाकून त्याच्या रुंदीकडे. मग स्टिअरिंगच्या उंचीवर हात धरून बघितला.

"दाजी," ते जरा खालच्या आवाजात म्हणाले, "बागेत माझा ट्रॅक्टर शिरत न्हाई. मांडवाच्या तारंला टकुरं लागतंय. दर छाटणीनंतर दुसऱ्याच्या दारात बारक्या ट्रॅक्टरसाठी उभं ऱ्हावं लागतंय मला." त्यांनी मिशीवरची माती झटकली. "आणि तो बी लय भाव खातोय."

आण्णांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी याआधी फक्त साखर कारखान्याचं चांगलं बिल आल्यावर बघितलं होतं. "तुझ्या बागेच्या दोन ओळीत अंतर किती?" त्यांनी विचारलं, आणि उत्तर यायच्या आत माझ्याकडे वळले. "पल्लवी, आपल्या ट्रॅक्टरला साडेतीन फुटी रोटर बसंल न्हवं?"

"बसेल," मी म्हणाले. "चौदा लागतात, पंधरा आहेत."

"काय सांगत हुतो मी!" बांधावरून कुणीतरी म्हणालं.

मामा त्या रात्री मुक्कामाला राहिले. दुसऱ्या दिवशी आण्णा स्वतः इस्लामपूरला जाऊन साडेतीन फुटी रोटर घेऊन आले. बिल त्यांच्या नावावर, ओटीपी त्यांच्या फोनवर. परतीचा आहेर म्हणून तो मामांना द्यायचा होता, म्हणून येता येता आष्ट्याच्या पेंटरकडे दोन तास थांबले. मामांचं म्हणणं, छोटा ट्रॅक्टर ट्रॉलीत चढवू आणि घेऊन जाऊ. आण्णा म्हणाले, "माझा ट्रॅक्टर त्याच्या ट्रॉलीत बसून जाणार न्हाई. स्वतःच्या चाकांवर जाईल." मग असं ठरलं : पुढे मामांचा मोठा ट्रॅक्टर, ट्रॉलीत नवा रोटर आणि खुर्चीवर आई, मांडीवर माळ्यावरची बॅग. मागे त्यांच्या धुळीत आण्णा, अठरा एचपीवर, डोक्याला टॉवेल गुंडाळून. भाऊसो नानांनी सॅल्यूट केला. मी ट्रॉलीत आईशेजारी बसले. आई तासगाव येईपर्यंत एकदाही मागे वळली नाही. तासगावात वळली, ती आण्णा येताहेत ना हे बघायला.

द्राक्षाच्या दोन ओळींतलं अंतर नऊ फूट. मांडवाच्या तारेखाली आण्णांचं डोकं सहा इंच खाली राहत होतं, टॉवेल काढल्यावर. नवा रोटर फिरल्यावर बागेत दहा ठिकाणी मी मातीत पट्टी घालून बघितली. सरासरी खोली साडेचार इंच. इंजिन एकदाही बंद पडलं नाही. आमच्या रानात मोठ्या रोटरची सरासरी खोली साडेपाच इंच होती. आता आण्णांकडे पाच फुटी रोटर आहे, जो ओढायला मामांचा ट्रॅक्टर यावा लागतो, आणि मामांकडे साडेतीन फुटी, ज्याला आण्णांचा लागतो.

निघायच्या आधी मी आठवण म्हणून साडेतीन फुटी रोटरवरच्या नावाचं माप घेतलं. मोठ्याचं घरून निघतानाच घेऊन ठेवलं होतं. पाच फुटी रोटरवर मामांच्या नावाच्या अक्षरांची उंची दोन इंच. साडेतीन फुटी रोटरवर आण्णांच्या नावाच्या अक्षरांची उंची सव्वादोन इंच.